कच्ची पोटरी

माणसाची खरी ओळख त्याच्या तोंडावर नसते, तळहातावरच्या रेषांत नसते, कुंडलीत तर नसतेच नसते; ती असते त्याच्या पोटरीत, असं छातीठोकपणे सांगणारा आणि लगेच समोरच्याची पोटरी दाबून बघणारा माणूस साऱ्या परभणी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा चुलत सासरा आहे. ताडकळसला त्यांना सगळे वस्ताद म्हणतात, कारण गावच्या तालमीत त्यांनी तीन पिढ्यांना कुस्ती शिकवली. मी त्यांना मामा म्हणतो. आमच्याकडे सासरा सख्खा असो की चुलत, त्याला मामाच म्हणायचं असतं.

मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. परभणीत माझं औषधांचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं. बैठकीतल्या वडीलधाऱ्यांनी दुकान कुठंय, भाऊ किती, शेत किती, असे रीतसर प्रश्न विचारले. वस्ताद कोपऱ्यात उकिडवे बसून माझ्याकडे टक लावून बघत होते. सगळ्यांचं विचारून झाल्यावर ते पुढे सरकले आणि म्हणाले, "पँट वर करा." मला वाटलं, कुठे चिखलबिखल लागला असेल. मी पँट वर केली. त्यांनी अंगठा आणि दोन बोटांनी, बाजारात वांगं दाबून बघावं तशी माझी पोटरी दाबली, डोळे मिटून जरा वेळ विचार केला आणि निकाल दिला, "पोरगं इमानदार हाय. पोटरी कच्ची हाय." निकालाच्या पहिल्या वाक्यावर माझं लग्न जमलं. दुसरं वाक्य गेली चोवीस वर्षं माझ्या मागे आहे. प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत बसता बसता त्यांनी पोटरीला हात घालून हळहळत म्हटलंय, "जावई, तुमी दुकानात नुस्तं बसायलाव. अजून कच्चीच हाय बगा."

त्यांचं खुर्चीशी वैर होतं. खुर्ची माणसाच्या मांड्या खाते, असं त्यांचं मत. ग्रामपंचायतीने सत्कार केला तेव्हा स्टेजवर ठेवलेल्या खुर्चीशेजारी ते उकिडवे बसले, आणि सरपंचांना हार घालण्यासाठी गुडघ्यावर यावं लागलं. माझ्या दुकानाला नवा काउंटर केला त्या दिवशी ते मुद्दाम आले आणि काउंटरमागेच उकिडवे बसून राहिले, गिऱ्हाइकांना फक्त एक पांढरी टोपी दिसायची आणि ती मधूनच बोलायची, "ह्यांना गोळी नका देऊ, बैठका सांगा." घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. वेळ ते जोर-बैठकांत मोजत. दूध तापायला दोनशे बैठका, चुडाव्याच्या स्टेशनात गाडी यायला हजार-बाराशे. एकदा बायकोने फोन करून विचारलं, "काका, निघालात का?" तर म्हणाले, "निगालो की. पाचशे जोरात पोचतो." ते खरोखर किती वेळात पोचले ते मला आठवत नाही, पण बस स्टँडवर बसची वाट बघताना ते जोर काढत होते आणि कंडक्टर मोजत होता, हे मी नंतर त्या कंडक्टरच्याच तोंडून ऐकलं.

अंगाविषयी त्यांचं एक स्वतःचं शास्त्र होतं. "अंग म्हशीवानी हाय," ते सांगत. "चारा टाकला आन् बांधून ठिवली तर नुस्ती चरबी. चारा न टाकता जुंपली तर नुस्ती हाडं." म्हणून खुराक आणि मेहनत, दोन्ही. खुराक म्हणजे दूध, बदाम, ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण. पूर्वी तो निराळा होता. तरुणपणी तालमीच्या मागे पायाच्या रश्शाचं पातेलं चढायचं आणि एकटे वस्ताद त्यातलं निम्मं संपवायचे, असं जुनी माणसं अजून कौतुकाने सांगतात. पण मामी माळकरी होत्या. त्यांनी नवऱ्याला कधी एका शब्दाने टोकलं नाही. फक्त ज्या दिवशी वस्ताद रस्सा पिऊन घरी यायचे त्या दिवशी मामी जेवायच्या नाहीत. कुस्त्यांच्या हंगामात रस्सा रोजचाच. असे काही हंगाम गेल्यावर वस्तादांच्या लक्षात आलं की आपण फुगतोय आणि बायको वाळतेय. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पातेलं तालमीला चुना कालवायला देऊन टाकलं आणि गळ्यात तुळशीची माळ घातली. "आयुष्यात लय जणांशी लढलो," ते म्हणायचे. "पर एक डाव न टाकता चीतपट केलं ते तिनंच." मामींना जाऊन आता चार वर्षं झाली. माळ गळ्यात तीस वर्षांवर होती.

होती, असं मी लिहिलं. ती आज त्यांच्या गळ्यात नाही आणि त्याला कारण मी आहे. ते सांगण्यासाठीच खरं तर मी लिहायला बसलो.

त्याचं असं झालं की मागच्या वर्षी ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी वस्ताद एका गोऱ्ह्यापाशी थांबले. गोऱ्हा देखणा होता. विकणाऱ्याने दात दाखवले, शिंगं दाखवली, पण वस्तादांचा दातांवर विश्वास नाही. ते मागच्या बाजूला गेले, उकिडवे बसले आणि त्यांनी पोटरी दाबली. पन्नास वर्षं माणसांनी त्यांना पोटरी दाबू दिली होती. गोऱ्ह्याने दिली नाही. वस्तादांचं खुब्याचं हाड मोडलं. परभणीला आणून ऑपरेशन केलं, हाडात सळई घातली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते असं, "जनावर एक नंबर हाय. सोडू नका."

दवाखान्यातून ते आमच्याच घरी आले. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी यायची, कॉलेज संपून फार दिवस झाले नसतील. पहिल्याच दिवशी तिने वॉकर बाजूला केला आणि भिंतीला टेकवून खुर्ची ठेवली.

"आजोबा, या खुर्चीतून हात न टेकवता उठायचं. दहा वेळा."

"बाई, आमी खुर्चीत बसत न्हाई."

"मी बसायला कुठं सांगतेय? उठायला सांगतेय."

वस्तादांनी यावर बराच विचार केला. "हे पटलं," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीत बसले, तेही शत्रूच्या छातीवर बसल्यासारखे. पण उठता येईना. एक, आणि धाप. मुलीने शिवणाची टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या. मोडलेल्या बाजूचं मांस झरझर उतरलं होतं. ती गेल्यावर मी खोलीत डोकावलो तर वस्ताद स्वतःची पोटरी दाबून बघत होते. मला बघताच त्यांनी धोतर खाली ओढून ती झाकली. पन्नास वर्षं जगाच्या पँटी वर करायला लावणारा माणूस स्वतःची पोटरी माझ्यापासून लपवत होता. मला ते बघवलं नाही.

दुकानात एक डबा पडून होता. कंपनीचा माणूस नमुना म्हणून ठेवून गेला होता. कोलेजन प्रोटीन, सांधे, स्नायू, झीज भरून येण्यासाठी, वर उघड्या अंगाच्या, तेल लावलेल्या माणसाचा फोटो. मी डबा उचलला. घरी नेताना आठवलं की वस्ताद फोटोवाल्या डब्यातलं काही खात नाहीत. "ज्या खुराकाला उगडा माणूस दाखवावा लागतो तो खुराक कसला?" म्हणून मी पावडर रव्याच्या स्टीलच्या डब्यात ओतली आणि रिकामा डबा दुकानात नेऊन टाकला. रोज सकाळी दोन चमचे दुधातून द्यायला लागलो.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "जावई, ह्याला वास यायलाय."

"कसला?"

"ओल्या पोत्याचा."

"औषधाचा असेल, मामा," मी म्हणालो. माझ्या हातून झालेल्या सगळ्या चुकांत हे एक वाक्य मला जास्त टोचतं. नाक त्यांचं होतं, पण लेबल वाचणं हा माझा धंदा होता.

एकोणीस दिवस त्यांनी ते घेतलं. एकोणिसाव्याच दिवशी दुकानात एक बाई आल्या आणि कपाटातला तसलाच डबा दाखवून म्हणाल्या, "हे शाकाहारी आहे ना हो?" मी सवयीने डबा फिरवला. तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, समुद्री माशांची कातडी. बाई निघून गेल्या. मी कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "सर, कोलेजन झाडाझुडपांत नसतंच. ते जनावराच्या नाहीतर माशाच्या हाडा-कातड्यांतच मिळणार." हे मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं. चोवीस वर्षांत पोटरीबरोबर तेही कच्चं राहिलं.

सरळ घरी जाऊन त्यांचे पाय धरायला हवे होते. मी काय केलं? उरलेली पावडर फेकली आणि त्याच डब्यात डाळव्याचं पीठ नि दुधाची भुकटी कालवून ठेवली. दुसऱ्या दिवशी वस्ताद दूध पिऊन समाधानाने म्हणाले, "आता वास गेला. औषध मुरलं अंगात." मी मान हलवली. जेवण जाईना, बायको विचारायची, काय झालं, मी म्हणायचो, पित्त.

गंमत अशी की वस्ताद सुधारत चालले होते. खुर्चीतून चारदा, मग सहादा उठायला लागले. एक दिवस मी त्या मुलीला बाहेर गाठून सहज विचारल्यासारखं विचारलं, की कोलेजन दिलं तर मांस लवकर भरतं का. तिने मला अगदी सोपं करून सांगितलं. म्हणाली, कोणतंही प्रोटीन पोटात गेलं की शरीर ते मोडून अमिनो ॲसिडचे तुकडे करतं आणि मग लागेल तसे जुळवतं. कोलेजनमध्ये त्यातला एक गरजेचा तुकडा मुळीच नसतो आणि स्नायू बांधायला जो सगळ्यात जास्त लागतो तो थोडाच असतो. सांध्यांना, शिरांना त्याचा थोडाफार उपयोग होतो म्हणतात, पण मांडी भरायला पूर्ण प्रोटीन लागतं आणि वर मेहनत लागते. "आणि काका, ज्वारीत जे कमी ते डाळीत असतं, डाळीत जे कमी ते ज्वारीत. वरण-भाकरी, दूध, दही. सोयाबीन खातात का ते?" मी म्हटलं, त्यांच्या शेतात सोयाबीनच असतं. "मग खात का नाहीत?" आमच्याकडे सोयाबीन विकायचं असतं, खायचं नसतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. म्हणजे तीस वर्षांची माळ मी मोडली, आणि मोडायची गरजसुद्धा नव्हती.

तरीही मी बोललो नसतो. मला स्वतःची खात्री आहे, म्हणून सांगतो. पण गावी परत जायला चार दिवस उरले तेव्हा वस्ताद व्यायाम करता करता म्हणाले, "जावई, वालूरला माझा जुना जोडीदार हाय. आमची कुस्ती कदीच निकाली झाली न्हाई. त्याचे गुडघे गेलेत म्हनं. त्याला तुमचा तो डबा धाडा. बिनधास्त घे म्हणलंय मी त्याला, तू बी माळकरी, मी बी माळकरी."

सकाळची वेळ होती. गॅलरीत ऊन आलं होतं. ते खुर्चीतून उठत होते, बसत होते आणि मोजत होते. पाच झाले. सहा झाले.

"मामा," मी म्हणालो, "ती पावडर माशाची होती."

"सात," वस्ताद म्हणाले.

"मला माहीत नव्हतं. नंतर कळलं. कळल्यावर बदलली, पण तुम्हाला सांगितलं नाही."

"आठ." ते बसले. उठले. "नऊ." त्यांच्या कपाळावर घाम होता. "धा." मग ते खुर्चीत बसले.

"गोड्या पाण्याची का समिंदराची?"

"समुद्रातली."

"मी समिंदर बगितला बी न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात वर नेले, माळ डोक्यावरून काढली आणि मुठीत धरली. रापलेल्या गळ्याभोवती एक फिकट रेघ उमटलेली होती. माळेखालच्या त्या कातडीला इतक्या वर्षांत ऊन लागलं नव्हतं. मी तिकडे बघू शकलो नाही.

"तिला काय सांगू मी आता?" ते म्हणाले, पण मला नव्हे.

मी म्हटलं, तुम्ही सांगाल ते प्रायश्चित्त घेतो, उपास करतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उपास करून काय व्हतंय? आदीच वाळलेली पोटरी. तालमीत दगा झाला तर काय करत्यात ठाव हाय का?" मला ठाऊक नव्हतं. "दगा करणाऱ्यानं हौद खांदायचा. मी सांगोस्तर."

हौद म्हणजे तालमीतला लाल मातीचा आखाडा. ती माती नुसती खणून भागत नाही. तिच्यात हळद घालायची, ताक घालायचं, तेल, लिंबू, आणि फावड्याने खालची वर, वरची खाली करायची. "माती बी खुराकाबिगर मऊ राहत न्हाई," वस्ताद म्हणतात. तेव्हापासून दर रविवारी दुकान बायकोवर सोपवून मी मोटारसायकलने ताडकळसला जातो. पहिल्या रविवारी तासभर खणलं आणि सोमवारी मला जिना उतरता येईना. मी फोन केला, "मामा, पाय धरलेत."

"धरणारच. फाटल्याबिगर अंग शिवत न्हाई. वरण-भाकर खावा, झोपा, आन् रविवारी या."

अंग शिवतं, हे खरं निघालं. तिसऱ्या-चौथ्या रविवारनंतर दुखणं कमी झालं. खणून झालं की वस्ताद मला जेवायला बसवतात. भाकरीच्या पिठात आता ते थोडं सोयाबीन दळून घालतात. सगळ्या गावाला सांगतात की व्यायामाच्या डॉक्टरबाईंनी सांगितलंय, विकता ते खावा बी. वालूरच्या जोडीदारालाही त्यांनी डब्याऐवजी पायलीभर तेच पीठ धाडलं, वर निरोप दिला, की खुर्चीतून उठाय शिक, मग निकाली कुस्ती धरू. माझ्याबद्दल मात्र ते गावात अवाक्षर बोलले नाहीत. जावई दर रविवारी हौद का खणतोय, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "पोटरी पिकाय घातलीय."

माळ घरात मामींच्या फोटोला अडकवलेली आहे. पहिल्याच रविवारी मी विचारलं होतं, परत कधी घालणार. वस्ताद म्हणाले, "ती शेवटपातूर भुईवर बसून जेवायची आन् हात न टेकता उठायची. म्हातारी झाली तरी. मी तसा उठलो की तिच्याम्होरं उबा राहीन, सांगीन, आन् घालीन." मग दर रविवारी जेवण झालं की त्यांची परीक्षा होते. ते फोटोखाली भुईवर बसतात. उठायचा प्रयत्न करतात. मी समोर उभा असतो. अर्ध्यावर पाय थरथरायला लागले की मी हात पुढे करतो, ते तो धरतात आणि उभे राहतात. "आधार घेतला की धरत न्हाई," असं म्हणून ते एकदा फोटोकडे बघतात, आणि माळ आणखी एक आठवडा तिथेच राहते. गळ्यावरची रेघ आता बरीच रापली आहे. जवळून बघितली तरच दिसते.

ही माळ त्यांनी परत घालावी, याहून दुसरं काही मला नको आहे, असं मी इतके महिने स्वतःला सांगत आलो. ते खरंही आहे. पण सगळं सांगायला बसलोच आहे तर मागच्या रविवारचंही सांगून टाकतो. हौद खणून झाला होता. जेवताना वस्तादांनी सवयीने माझी पोटरी दाबली, जरा जास्त वेळ दाबली आणि काहीच बोलले नाहीत. मग ते फोटोखाली बसले. उठायला लागले. अर्ध्यावर आले. पाय थरथरले नाहीत. माझा तसा भास असेल, पण मला वाटतं, ते उठले असते. तरीही माझा हात पुढे गेला. वस्तादांनी त्या हाताकडे पाहिलं, क्षणभर थांबले आणि तो धरून उभे राहिले.

"धरत न्हाई," ते म्हणाले. "रविवारी बगू."